जालन्यात दारूचं दुकान लगेच सापडतं, मग दारू सोडणाऱ्यांची मीटिंग का सापडत नाही?

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर उत्पादन मूल्याच्या तिप्पट असलेलं शुल्क साडेचारपट झालं. १८० मिलीच्या देशी दारूच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली, विदेशीची २०५ रुपये. या निर्णयातून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचा जादा महसूल मिळेल, असा सरकारचा अंदाज होता. वसुली आणि देखरेख नीट व्हावी म्हणून उत्पादन शुल्क विभागात बाराशेहून अधिक नवीन पदंही मंजूर झाली.

सोशल मीडियावर त्या आठवड्यात मीम्सचा पाऊस पडला. 'आता सोडावीच लागणार' हा त्यातला सगळ्यात जास्त फिरलेला विनोद.

पण समजा, जालना जिल्ह्यातल्या एखाद्या माणसाने हे विनोदाने नाही, तर खरोखर ठरवलं. परतूरचा दुकानदार असेल, भोकरदनचा शिक्षक असेल, जालना एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यात शिफ्ट करणारा कामगार असेल. बायकोने मुलांना घेऊन माहेर गाठलंय, हात सकाळी थरथरतात, आणि त्याला कुणीतरी सांगितलंय की दारू सोडलेल्या लोकांची एक मीटिंग असते, तिथे जा. तो जाणार कुठे? दारूच्या दुकानाला परवाना क्रमांक असतो, पाटी असते, उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ ठरलेली असते. मीटिंगला यातलं काहीच नसतं.

३८ मध्ये एक

हा प्रश्न किती लोकांचा आहे? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये जाहीर झालं. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यातल्या ५ कोटी ७० लाख लोकांना दारूमुळे झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे आणि सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूवर पूर्ण अवलंबून आहेत. १० ते ७५ वयोगटातल्या लोकसंख्येच्या हे प्रमाण २.७ टक्के होतं.

त्याच अहवालातला एक आकडा फारसा चर्चेत आला नाही. दारूवर अवलंबून असलेल्या साधारण ३८ जणांपैकी फक्त एकाला कोणत्या तरी प्रकारचे उपचार मिळाले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस १८० मध्ये एक.

महाराष्ट्रात पिणाऱ्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या १३.९ टक्के पुरुषांनी आणि ०.४ टक्के महिलांनी दारू पीत असल्याचं सांगितलं. देशात पुरुषांचं प्रमाण १८.८ टक्के होतं. जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १९ लाख ५९ हजार होती. एम्सचं देशाचं प्रमाण निम्मं करून लावलं तरी या एका जिल्ह्यात दारूवर अवलंबून असलेल्यांची संख्या १५-२० हजारांच्या घरात जाते. हा ढोबळ हिशेब आहे, मोजणी नाही. पण आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात प्रश्न किती मोठा आहे हे कळायला तेवढा पुरतो.

मीटिंग म्हणजे नेमकं काय?

'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', म्हणजे एए, हे नाव अनेकांनी हिंदी-इंग्रजी सिनेमात ऐकलेलं असतं. गोल करून बसलेले लोक, एकेक जण उठून 'मी मद्यपी आहे' असं सांगतो. प्रत्यक्षातही ते बरंचसं तसंच असतं. तास-दीड तासाची बैठक असते. कुणी डॉक्टर नसतो, कुणी व्याख्यान देत नाही. दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे आपापला अनुभव सांगतात, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. सल्ला द्यायचा नाही, उलटतपासणी घ्यायची नाही. शेवटी प्रार्थना होते आणि चहा.

फी नसते. सभासद व्हायला एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा. आधार कार्ड, आडनाव, जात, पगार कुणी विचारत नाही. खर्च भागवायला शेवटी एक डबा किंवा पिशवी फिरते, त्यात सभासद जमेल तेवढे पैसे टाकतात. नवख्याने काही टाकलंच पाहिजे असं नसतं. सरकारी अनुदान किंवा बाहेरची देणगी एए घेत नाही, हा तिचा जगभरातला नियम आहे.

या चळवळीची सुरुवातच एका शोधातून झाली होती. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन या गावात आला होता. त्याची दारू सुटून काही महिने झाले होते. सौदा फिसकटला, आणि परक्या गावातल्या हॉटेलच्या बारमधला आवाज त्याला खुणावू लागला. बारमध्ये शिरण्याऐवजी तो लॉबीतल्या फोनकडे वळला आणि तिथे लावलेल्या यादीतून गावातल्या चर्चना फोन करू लागला. 'इथे माझ्यासारखा एखादा दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय,' अशी त्याची विचारणा होती. फोनवरून फोन करत तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोहोचला. डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तीच तारीख एएचा स्थापना दिवस मानली जाते. भारतात ही चळवळ १९५७ च्या सुमारास मुंबईत रुजली. पुढे राज्यभर मराठीतून मीटिंगा सुरू झाल्या.

नव्वद वर्षांनंतरही पद्धत फार बदललेली नाही. मीटिंग सापडते ती बहुतेक वेळा फोनवरूनच, एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जात.

पाटी का नसते?

नावातच 'अनॉनिमस' म्हणजे अनामिक आहे. सभासदांची ओळख बाहेर जाऊ द्यायची नाही, हा या संघटनेचा पाया. त्यामुळे 'आमच्याकडे या' अशी जाहिरातबाजी ती करत नाही, कुणा बऱ्या झालेल्या माणसाचा फोटो छापत नाही, सभासद आपलं पूर्ण नाव वर्तमानपत्रात देत नाहीत. बऱ्याच गटांकडे स्वतःची जागा नसते. शाळेची एखादी खोली, समाजमंदिर, चर्चचा हॉल, दवाखान्यातली रिकामी खोली संध्याकाळपुरती मिळते. खोली गेली की गट दुसरीकडे जातो. गुगल मॅपवर कुणीतरी कधीकाळी टाकलेली जागा पाहून गेलेल्या माणसाला कुलूप दिसू शकतं, आणि दारू सोडायला निघालेल्या माणसाला परत फिरायला तेवढं कारण पुरतं.

मुंबई-पुण्यात याने फारसं अडत नाही. तिथे आठवड्याच्या कोणत्याही दिवशी कुठे ना कुठे मीटिंग असते, आणि अंधेरीत राहणारा माणूस दादरच्या मीटिंगला गेला तर त्याला कुणी ओळखत नाही. जिल्ह्याच्या गावात गणित उलटं होतं. मीटिंग कमी आणि ओळखीचे जास्त. 'तिथे आपल्याला कुणी पाहिलं तर?' ही भीती जालना, अंबड किंवा मंठ्यात खरी आहे.

यावर जुन्या सभासदांकडून हमखास ऐकू येणारं उत्तर असं, की पिऊन रस्त्यात पडलो तेव्हा अख्ख्या गावाने पाहिलं होतं, आता सोडायला चाललोय ते दहा जणांनी पाहिलं तर काय बिघडतं? उत्तर मार्मिक आहे, पण ते सोडून पाच वर्षं झालेल्या माणसाला सुचतं. पहिल्या दिवशी नाही. आणि घरातच, दार लावून पिणारा शिक्षक किंवा कारकून कधीच रस्त्यात पडलेला नसतो. त्याला लपवायला अजून बरंच काही शिल्लक असतं.

म्हणजे जी गुप्तता आत आलेल्याला सांभाळते, तीच बाहेर उभ्या असलेल्याच्या वाटेत येते. यातून मार्ग काढायचा तर मधला माणूस लागतो. तालुक्याचा डॉक्टर, आशा ताई, समुपदेशक, मेडिकल दुकानदार, पोलीस ठाण्यातला हवालदार, यांच्यापैकी कुणालातरी 'इथे विचारा' एवढं सांगता आलं पाहिजे. ते सांगणं आज कुणाच्याही नोकरीच्या कामात धरलेलं नाही. १४ हजार कोटींच्या हिशेबात बाटल्यांवर नजर ठेवणारी माणसं वाढली. तालुक्याच्या दवाखान्यात मीटिंगचा वार आणि वेळ लिहिलेला कागद लावायला मात्र एकही पद लागत नाही.

जालन्यातून शोध कसा घ्यायचा?

सुरुवात फोनपासून करावी. एएचं भारताचं सर्वसाधारण सेवा कार्यालय मुंबईत आहे. त्यांची वेबसाइट आणि हेल्पलाइन आहे, आणि हेल्पलाइनवर बोलणारी माणसं बहुधा स्वतः दारू सोडलेली असतात. फोन केल्यावर 'जालन्यात मीटिंग आहे का?' एवढंच विचारून थांबू नये. जवळची मीटिंग कोणत्या गावात, कोणत्या वारी, किती वाजता, ती सध्या चालू आहे ना, आणि जाण्याआधी तिथल्या कुणाशी बोलता येईल का, हे सगळं विचारून घ्यावं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नवीन माणसाला भेटायला जाणं, त्याला सोबत घेऊन येणं हे एएच्या बारा पायऱ्यांतल्या बाराव्या पायरीचं काम मानलं जातं. त्यामुळे फोन करणाऱ्याला तिथे उपकार मागितल्यासारखं वाटण्याचं कारण नाही. स्टँडवर भेटणारा ओळखीचा आवाज असला की अनोळखी खोलीत पाऊल टाकणं सोपं जातं.

मीटिंगचे दोन प्रकार असतात हेही माहीत असावं. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. खुल्या मीटिंगला घरचे, डॉक्टर, विद्यार्थी, कुणीही बसू शकतं. 'मला दारूचा प्रॉब्लेम आहे की नाही हेच ठरत नाही' असं ज्याला वाटतं, त्याने खुल्या मीटिंगपासून सुरुवात केली तरी चालतं.

दुसरा धागा सरकारी आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली मानसिक आरोग्याची 'टेली-मानस' सेवा १४४१६. दोन्हींवर फोन करायला पैसे लागत नाहीत, आणि टेली-मानसवर मराठीत बोलता येतं. या दोन्ही हेल्पलाइन एएच्या नाहीत. तिथे समुपदेशन मिळतं आणि उपचार केंद्राची माहिती मिळते. 'उपचारानंतर जायला माझ्या भागात एखादा गट आहे का?' हे आपणहून विचारावं लागतं, नाहीतर बोलणं केंद्राच्या पत्त्यावर संपतं.

तिसरा धागा जिल्हा रुग्णालयाचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तिथे असतं. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ पासून 'प्रेरणा प्रकल्प' आला, त्यातून आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मानसिक ताणाची चौकशी करायची अशी रचना झाली. कर्ज, नापिकी आणि दारू एकाच घरात कशी नांदतात हे या कार्यकर्त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, मराठवाड्यात एकही नव्हतं. पुढच्या मनोरुग्णालयासाठी मंजुरी मिळाली ती जालन्यालाच. म्हणजे उपचाराची बाजू या जिल्ह्यात हळूहळू उभी राहते आहे.

हे सगळं करूनही गावात मीटिंग नाही असं कळलं, तर सगळ्यात जवळचं मोठं शहर छत्रपती संभाजीनगर. जालन्याहून ते साधारण ६० किलोमीटर. जालना शहरातल्या माणसाला आठवड्यातून एकदा रेल्वेने किंवा एसटीने जाऊन येणं शक्य आहे. मंठा किंवा जाफराबादच्या पलीकडच्या खेड्यातल्या माणसाला मात्र मीटिंग संपल्यावर परतीची गाडी मिळेलच असं नाही. रोजंदारी बुडते ती वेगळीच.

त्याच्यासाठी मोबाइल हा पर्याय आहे. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे खोल्या बंद झाल्या, तेव्हा एएच्या मीटिंगा व्हिडिओ कॉलवर गेल्या आणि नंतर खोल्या उघडल्या तरी ऑनलाइन मीटिंगा पूर्ण थांबल्या नाहीत. कॅमेरा बंद ठेवून, फक्त पहिलं नाव लिहून ऐकत बसता येतं. गावात ओळखलं जाण्याची भीती असलेल्यांना, रात्रपाळी करणाऱ्यांना आणि विशेषतः महिलांना यामुळे दार थोडं किलकिलं झालं. ०.४ टक्के हा महिलांचा आकडा सर्वेक्षणाला उत्तर देणाऱ्यांचा आहे. घरी आलेल्या अनोळखी माणसासमोर 'हो, मी पिते' असं सांगणं गावाकडच्या बाईला किती सोपं आहे, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने जाऊन बसण्यापेक्षा फोनवरची मीटिंग तिला जवळची वाटू शकते.

एक गोष्ट आधी: अचानक बंद करू नका

रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात, घरातच, दारू बंद करणं जिवावर बेतू शकतं. हे मीटिंगच्या उत्साहात किंवा देवळात शपथ घेताना अनेकदा विसरलं जातं. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हातापायांना कंप, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भास होतात, कुठे आहोत याचं भान सुटतं, ताप चढतो. गावात याला 'बाहेरचं काही झालंय' असं समजून मांत्रिकाकडे नेलं जातं आणि मोलाचे तास जातात. हा वैद्यकीय आणीबाणीचा प्रसंग आहे. सलाइन, ब-१ जीवनसत्त्व आणि कंप आटोक्यात ठेवणारी औषधं रुग्णालयात मिळतात, तीही मोजके दिवसच द्यावी लागतात.

ज्यांना आधी फिट आली आहे किंवा जे सकाळी उठल्या उठल्या पितात, त्यांनी डॉक्टरला दाखवूनच दारू थांबवावी आणि मग मीटिंगला जावं. एएचा औषधोपचाराला विरोध नाही. गटातल्या एखाद्याने 'गोळ्या बंद कर, मीटिंग पुरे' असं सांगितलं, तर ते त्याचं वैयक्तिक मत समजावं आणि डॉक्टरचं ऐकावं.

'त्याला न कळवता जेवणातून द्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींचं तर नावच काढू नये. दारू सोडण्यासाठी दिलं जाणारं डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू प्यायली तर छातीत धडधड, रक्तदाब एकदम खाली येणं असे गंभीर परिणाम होतात. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं औषध आहे. नकळत दिलेल्या पुडीत नेमकं काय आहे, हे देणाऱ्या बायकोला माहीत नसतं आणि खाणाऱ्या नवऱ्यालाही.

केंद्र वेगळं, मीटिंग वेगळी

लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे दाखल होण्याची जागा. ठरावीक दिवस राहायचं, शरीर सावरायचं, समुपदेशन घ्यायचं. पुण्याचं मुक्तांगण हे त्याचं मराठी माणसाला सगळ्यात ओळखीचं उदाहरण. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा. पण मुक्तांगणनेही ३५ दिवसांवर काम संपवलं नाही. घरी गेलेल्यांनी पुन्हा पुन्हा भेटत राहावं म्हणून गावोगावी पाठपुरावा गट केले, आणि बायकांसाठी 'सहचरी' गट चालवला. छत्तिसाव्या दिवशी माणूस आपल्या जुन्याच गल्लीत, जुन्याच दोस्तांत परततो. पगाराची तारीख तीच, वाटेतलं दुकान तेच. तिथून पुढच्या वर्षांसाठी मीटिंग असते.

केंद्र निवडताना एक तपासणी जरूर करावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थितीचा समावेश आहे. अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थेची नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारावा, डॉक्टर रोज येतात की नावापुरते हे विचारावं, रुग्णाला फोन आणि भेट मिळते का ते पाहावं. 'तुम्ही फक्त पत्ता द्या, आम्ही उचलून नेतो' असं सांगणाऱ्या ठिकाणापासून लांब राहिलेलं बरं. केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात अशीही एकात्मिक पुनर्वसन केंद्रं आहेत. त्यांची माहिती १४४४६ वर मिळते.

आणि मीटिंगच्या नावाखाली कुणी प्रवेश फी मागितली, तर ती एए नाही.

याने खरंच दारू सुटते?

एए ही श्रद्धेवर चालणारी गोष्ट आहे, तिला पुरावा नाही, अशी टीका वर्षानुवर्षं होत आली. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००६ मध्ये 'ठोस पुरावा नाही' असाच निष्कर्ष काढला होता. २०२० मध्ये त्यांनी नव्याने आढावा घेतला. २७ अभ्यास, १० हजारांहून अधिक रुग्ण. या वेळी चित्र बदललं. रुग्णांना पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर पूर्ण कोरडे राहिलेल्यांचं प्रमाण ४२ टक्के होतं, तर इतर मान्यताप्राप्त मानसोपचारांत ३५ टक्के.

या आकड्यांत दोन बाबी लक्षात घ्यायला हव्यात. निम्म्याहून अधिक लोक इथेही वर्षभरात कधीतरी प्यायलेच. 'मीटिंगला गेला आणि सुटली' असं सरळ होत नाही, घसरणं होतं आणि परत येणं होतं. दुसरं म्हणजे फायदा दिसला तो माणसाला गटाशी नीट जोडून दिल्यावर. 'एएला जा हं' असं चिठ्ठीवर लिहून देणं आणि डॉक्टरने समोर बसून गटातल्या माणसाला फोन लावून देणं, यात फार अंतर आहे. जालन्यासारख्या जिल्ह्यात तर ते अंतर किलोमीटरमध्येही मोजता येतं.

काहींना एएची भाषा खटकते. बारा पायऱ्यांत परमेश्वराचा उल्लेख आहे. पण तो ज्याला जसा उमजेल तसा, आणि नास्तिक सभासद गटालाच आपली उच्चशक्ती मानून चालतात. मराठवाड्यात माळ घालून दारू सोडणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, आणि तिचं बळही बरंचसं तसंच असतं. दिंडीत, भजनात रोज संध्याकाळी तीच माणसं भेटतात, पिण्याची वेळ टळते. फरक एवढाच, की माळ मोडून प्यायलेल्या माणसाला पुन्हा भजनात जाऊन बसायची लाज वाटते. काल प्यायलो असं मीटिंगमध्ये सांगितलं की लोक म्हणतात, बरं झालं आलात.

घरच्यांसाठी कोणती खोली?

जालन्यातून पहिला फोन दारू पिणाराच करील असं नाही. बायको, आई, मोठा भाऊ यांच्यापैकी कुणीतरी करतं. त्यांच्यासाठी 'अल-अ‍ॅनॉन' नावाची वेगळी संघटना आहे, बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये सुरू केलेली. नवरा सोडायला तयार नसला तरी बायको तिथे जाऊ शकते. त्याच्या उधाऱ्या फेडत राहायच्या का, साहेबांना 'आजारी आहेत' असं खोटं सांगायचं का, रात्री दार उघडायचं का, असे प्रश्न तिथे बोलले जातात. सासरी किंवा माहेरी ते बोलायची सोय नसते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे शहरातल्या गटापर्यंत जाण्याचा खर्च तरी कमी झालाय. घरी मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगच्या आधी महिला हेल्पलाइन १८१ किंवा पोलिसांचा ११२ क्रमांक लावावा.

गावात गटच नसेल तर?

दारूबंदीची मागणी महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. गावातल्या महिलांच्या मतदानाने दुकान बंद करता येतं, त्याला लोक 'आडवी बाटली' म्हणतात. वर्धा, गडचिरोली हे जिल्हे कोरडे आहेत. चंद्रपूरमध्ये २०१५ ला झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. पण दुकान बंद झालं तरी अवलंबून असलेल्या माणसाची तल्लफ बंद होत नाही. तो शेजारच्या गावात जातो किंवा हातभट्टी शोधतो. गडचिरोलीत बंदी असूनही 'मुक्तिपथ' अभियानाला तालुक्या-तालुक्यात व्यसन उपचार क्लिनिक चालवावी लागतात, ती याचमुळे. आडव्या बाटलीचा ठराव करणाऱ्या गावाने त्याच सभेत शाळेची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ द्यायचं ठरवलं, तर त्याला खर्च येणार नाही.

एएच्या परंपरेत दोन-तीन मद्यपी दारूपासून दूर राहण्यासाठी एकत्र बसले की तो गट होतो. नोंदणी लागत नाही, अध्यक्ष लागत नाही. मुंबईच्या सेवा कार्यालयाकडून मराठी पुस्तकं मागवता येतात. जवळच्या शहरातले जुने सभासद सुरुवातीला येऊन बसतात.

जालन्यात एक अडचण मात्र राहते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परततात. पावसाळ्यात जुळलेला गट कारखाना सुरू झाला की पांगतो. फडावर मुकादमाची उचल डोक्यावर असते, थंडी असते, आणि दिवसभराच्या कामानंतर अंग दुखत असतं. अशा वेळी गटातल्या एका माणसाचा नंबर मोबाइलमध्ये असणं, आणि रात्री आठच्या सुमारास त्याला फोन लागणं, हीच त्या दिवसाची मीटिंग. फोनवर बोलणं साधंच होतं. आज प्यायलास का? नाही. जेवलास का? हो. मग उद्या याच वेळेला फोन कर.